चौदा नंबरचा चष्मा

टोरोंटोजवळ वॉनमध्ये आमच्या ऑफिससमोरच्या प्लाझात चष्म्याचं एक दुकान होतं. २००९च्या एप्रिलमध्ये माझ्या चष्म्याची काडी तुटली, म्हणून लंच अवरमध्ये मी तिथे गेले. आत शिरताना फोनवर नवऱ्याला कोथिंबीर आणायची आठवण करत होते. फोन ठेवला, तशी काउंटरमागची बाई माझ्या तुटक्या काडीकडे बघत म्हणाली, "कोथिंबीर ह्या बाजूच्या ग्रोसरीतून नको आणू. सगली सडकी असते."

मी चपापले. बाईच्या गळ्यात बारीक साखळीत डेव्हिडचा तारा होता आणि कोटावरच्या पट्टीवर नाव होतं सिपोरा. मी काही विचारायच्या आत तिनेच सांगून टाकलं की ती नवगावकर, मूळचे अलिबागकडचे, ज्यू लोक, बेने इस्राएल. नऊ वर्षांची असताना आईवडिलांबरोबर ठाण्याहून टोरोंटोला आली, तेव्हापासून इथेच. तिचं मराठी त्या नऊ वर्षांच्या मुलीचं होतं, 'ळ'च्या जागी 'ल' म्हणणारं, आणि मध्ये मध्ये चाळीस वर्षांचं कॅनडा. पुढे आमची चांगली गट्टी जमली आणि मी तिला सिपोराताई म्हणू लागले.

मात्र पहिल्याच दिवशी माझं लक्ष वेगळ्या गोष्टीने वेधलं होतं. माझ्या आधी एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले होते. सिपोराताई त्यांच्या नाकावर पट्टी धरून बुबुळांमधलं अंतर मोजत होती. अशा वेळी माणसाला हलता येत नाही. नेमकं तेव्हाच तिने त्यांना विचारलं, की ब्लूअर स्ट्रीटच्या खालच्या अंगाला ते खोलगट पार्क आहे ना, तिथे सत्तर-एकाहत्तर साली तुम्ही कधी बेसबॉल बघायला जायचात का. गृहस्थ नाही म्हणाले. तिने मान डोलावली आणि फ्रेम दाखवायला घेतल्या.

साठीच्या पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हाच प्रश्न विचारते, असं दुकानातल्या दुसऱ्या मुलीने मला सांगितलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कोणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर मला त्यामागचं कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही. चष्मा घ्यायला गेले तेव्हा मी तिला विचारलं आणि मग पुढच्या काही लंच अवरमध्ये, फूड कोर्टात बसून, तिने मला सगळं सांगितलं.

तिचे वडील ज्युडा नवगावकर मशीन शॉपमध्ये फिटर होते. घरात शब्बाथ कडक पाळला जाई. शनिवारी काम नाही, गाडी नाही, स्वयंपाक नाही, पैशाला हात नाही, काही लिहायचंही नाही. इथल्या पहिल्या उन्हाळ्यात दोन पोरांना अख्खा शनिवार घरात कसं गप्प बसवायचं हा प्रश्नच होता. सिपोरा नऊ-दहा वर्षांची, धाकटा जोनाह सातचा. तेव्हा ज्युडांच्या लक्षात आलं, की चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक पार्क आहे, त्याच्या तळाशी मैदान आहे आणि चहूबाजूंनी गवताचे उतार आहेत. तिथे शनिवारी दुपारी कारखान्यांतल्या लोकांच्या टीम खेळतात. तिकीट नाही, उतारावर कुठेही बसा. म्हणजे शब्बाथही मोडत नव्हता आणि पोरंही खूश होती. जेवून तिघं निघायची. आई घरी निवांत झोपायची.

खेळ कोणालाच कळत नव्हता. ज्युडांनी ठाण्यात क्लबचं क्रिकेट पाहिलेलं, त्यामुळे ते प्रत्येक गोष्ट क्रिकेटमध्ये बसवायला बघायचे. एवढा मोठा फटका मारून फलंदाज बॅट फेकून का देतो, हे त्यांना बरेच दिवस पटलं नाही. एका बेसवरून दुसऱ्यावर चोरून पळणारा खेळाडू बघितला तेव्हा मात्र ते खूश झाले आणि पोरांना म्हणाले, की हे तर आपलं आट्यापाट्यांचंच काम आहे. थोड्या वेळाने त्यांना गवतावर झोप लागायची. घरी गेल्यावर, आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपला की मोठी मेणबत्ती लावून प्रार्थना व्हायची आणि मग ते पोरांना म्हणायचे, सांगा आता, मी झोपल्यावर काय झालं. दोघं मिळून अख्खी मॅच सांगायची. काही लिहून ठेवलेलं नसायचं, त्यामुळे जे डोक्यात राहिलं तेवढंच.

त्यांची टीम होती डंडास मेकॅनिक्स आणि त्यांचा हीरो होता त्या टीमचा चौदा नंबर. तो सेंटर फील्डला उभा राहायचा, म्हणजे ह्या तिघांच्या अगदी समोर, पण पाठमोरा. नाव कधी कळलं नाही. लोक त्याला 'कॅल, कॅल' म्हणून ओरडायचे. नवगावकरांच्या घरात केळ्याला 'केल' म्हणत. एवढ्या चांगल्या खेळाडूला ही माणसं केळं का म्हणतात, असं ज्युडांनी एकदा गंभीरपणे विचारलं होतं.

"आनि त्याला चष्मा होता," सिपोराताई मला म्हणाली. "टोपीच्या खाली, मागे, काली लेस बांधलेली. बुटाची लेस. चष्मा पडू नये म्हनून."

हे तिच्या लक्षात राहायला कारण होतं. त्याच वर्षी शाळेत तिचे डोळे तपासले होते आणि तिला जाड काचांचा चष्मा लागला होता. वर्गात ती एकटी नवी, एकटी सावळी आणि आता एकटी चश्मिस. शाळेच्या दारात शिरताना ती चष्मा खिशात टाकायची आणि फळ्यावरचं काही दिसलं नाही तरी दिसतंय असं दाखवायची. मग एका शनिवारी एक उंच चेंडू थेट त्यांच्या दिशेने आला. चौदा नंबर मागे पळत पळत उतार चढून वर आला, त्याने झेल घेतला आणि तोल जाऊन तो गवतात बसलाच, सिपोरापासून दोन हातांवर. त्याचा चष्मा नाकावरून घसरला होता. एका हातात ग्लव्ह, दुसऱ्या हातात चेंडू, म्हणून त्याने मनगटाने चष्मा वर ढकलला. सिपोराचाही घसरला होता, तिनेही तिचा वर केला. त्याने ते पाहिलं आणि चेंडू आत फेकून निघून गेला. सोमवारी सिपोरा चष्मा लावून वर्गात बसली.

मी म्हटलं, म्हणून तू चष्म्याच्या धंद्यात आलीस का. ती हसली आणि म्हणाली, की छे, कॉलेजात दुसरं काही मिळालं नाही म्हणून.

गोष्ट इथे संपली असती. पण आम्ही भेटलो त्याच वर्षी जानेवारीत ज्युडा वारले. सात दिवसांचं सुतक धरून सिपोराताई आणि जोनाह आईजवळ बसले होते. येणारी माणसं निघून गेली की दोघं जुन्या आठवणी काढायची. शनिवारचा विषय निघाला. सिपोराताईने त्या झेलाची आठवण सांगितली, चष्म्यासकट. जोनाह म्हणाला, कसला चष्मा, चौदा नंबरला चष्मा नव्हताच. झेल त्यालाही आठवत होता. चौदा नंबर उतारावर येऊन पडला आणि उठताना त्याने जोनाहला डोळा मारला. चष्मा असता तर डोळा मारलेला दिसला असता का, असं त्याचं म्हणणं. शिवाय त्याचा चौदा नंबर वाऱ्यासारखा पळायचा, दर मॅचला बेस चोरायचा. सिपोराताईचा चौदा नंबर तर सहसा धावपळ करायचाच नाही. चेंडू जिथे पडणार तिथे आधीच जाऊन उभा असायचा.

आधी हसत हसत चाललं होतं, मग आवाज चढले. आईने दोघांना गप्प केलं. पण दोघांच्याही मनात ते राहून गेलं. पप्पांना विचारलं असतं तर कळलं असतं, असं जोनाह म्हणाला, आणि मग त्याच्याच लक्षात आलं की पप्पा तर झोपलेले असायचे. त्यांना जे माहीत होतं ते ह्या दोघांनीच सांगितलेलं.

जोनाह ओकव्हिलला राहतो, इन्शुरन्स कंपनीत आहे, रोज गो ट्रेनने डाउनटाउनला जातो. तो इंटरनेटवर शोधून थकला. अशा कारखान्यांच्या टीमची कोण नोंद ठेवणार? सिपोराताईने आपला मार्ग धरला. तिच्या खुर्चीत रोज म्हातारी माणसं येऊन बसतच होती.

ते पार्क माहीत असलेलं माणूस काही लवकर भेटलं नाही. पण प्रश्न विचारला की लोक दुसरंच काही सांगायला लागायचे. आपापला हीरो. एका निवृत्त बस ड्रायव्हरचा हीरो कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला विकेटकीपर होता आणि त्याचं एक बोट वाकडं होतं. लहानपणी ह्या गृहस्थांनी आपलंही बोट तसं व्हावं म्हणून रात्रभर रबर लावून ठेवलं होतं. बोट वाकडं झालं नाही, सुजलं. जमैकाहून आलेल्या एका आजींना आठवत होता तो एक तरुण, जो प्रत्येक मॅचला आईची खुर्ची डोक्यावर घेऊन यायचा आणि सावली हलली की खेळ सोडून येऊन खुर्ची सरकवून जायचा. एका माणसाला हीरोचं नाव, टीम, गाव काहीच आठवेना, फक्त त्याची चाल आठवत होती. अंतर मोजणं अर्धं टाकून तो उठला आणि दुकानाच्या मधोमध तसा चालून दाखवू लागला. सिपोराताई मला हे सांगायची तेव्हा मी तिला विचारायची, की ह्या टीम जिंकायच्या का. ती म्हणायची, ते कोणीच सांगत नाही.

मीही मग दर आठवड्याला जाऊ लागले, आज कोण आलं होतं ते ऐकायला.

जूनमध्ये मिसेस फाल्कोनी आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवा नंबर करून घ्यायचा होता. मी तेव्हा दुकानातच होते. सिपोराताईने नेहमीप्रमाणे पट्टी धरली आणि विचारलं. बाई म्हणाल्या की ते पार्क त्यांना चांगलंच माहीत आहे, त्यांचे यजमान तिथे एका टीमचे मॅनेजर होते. कुठली टीम? मेकॅनिक्स. सिपोराताईने पट्टी काढून घेतली. तिने विचारलं, तुम्हाला कॅल आठवतो का, चौदा नंबर.

मिसेस फाल्कोनी म्हणाल्या, "कुठला कॅल?"

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. कालनिन नावाचे दोन भाऊ होते, लॅट्व्हियातून लहानपणी निर्वासित म्हणून आलेले. थोरला यूरिस, धाकटा आर्विड. दोघंही बॅटऱ्यांच्या एका कारखान्यात कामाला. एका शनिवारी एकाची पाळी, दुसऱ्या शनिवारी दुसऱ्याची. टीममध्ये जागा एकाचीच होती, यूरिसची. तो कामावर असला की धाकटा तोच शर्ट घालून यायचा. दोघं अंगापिंडाने सारखे. अंपायर बाहेरून यायचे, त्यांना काय कळणार. मॅनेजरला माहीत होतं, त्यांनी डोळेझाक केली. टीमचे शर्ट मिसेस फाल्कोनीच धुवायच्या, म्हणून त्यांना माहीत होतं. चौदा नंबरचा शर्ट एका आठवड्याला पाठीला घामेजलेला यायचा आणि एका आठवड्याला पोटाला मातीने माखलेला. मातीवाला आर्विड. तो बेस चोरताना पोटावर घसरायचा.

"आणि चष्मा?" सिपोराताईने विचारलं.

"यूरिसला," बाई म्हणाल्या. "त्याच्याशिवाय त्याला स्वतःचे बूट दिसायचे नाहीत."

सिपोराताई स्टुलावर बसली. मी तिच्याकडे बघत होते. मला वाटलं तिला आनंद होईल, कारण तिचंच खरं निघालं होतं. पण ती कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवत होती. बाई गेल्यावर म्हणाली, की चौदा नंबरला कधी कधी चष्मा नसायचा, हे तिला तेव्हा दिसलं होतं. तिला वाटायचं, आज ह्यालाही लाज वाटली आणि ह्याने चष्मा खिशात टाकला. दिसत नाही म्हणून बिचारा असा जिवावर उदार होऊन पळतोय. त्या शनिवारी ती त्याच्याकडे बघायचीच नाही. मान खाली घालून गवत उपटत बसायची. इतकी वर्षं ती हे विसरून गेली होती.

यूरिस बऱ्याच वर्षांपूर्वी वारला होता. आर्विड मात्र रिचमंड हिलला म्हाताऱ्यांसाठी असलेल्या एका बिल्डिंगमध्ये राहत होता, आणि मिसेस फाल्कोनींना दर ख्रिसमसला त्याचं कार्ड यायचं. सिपोराताईने फोन केला. तो म्हणाला, खुशाल या, पण माझ्याकडून बेसबॉलचं ज्ञान ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका.

मला बरोबर यायचा आग्रह तिनेच केला. म्हणाली, आम्ही दोघं भांडलो तर मध्ये कोणीतरी पाहिजे. खरं तर आग्रहाची गरजच नव्हती, मी गेलेच असते. एका रविवारी सकाळी जोनाह ओकव्हिलहून गाडी घेऊन आला आणि आम्ही तिघं गेलो.

आर्विड कालनिन सत्तरीकडे झुकलेला, उंच, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस होता. त्याने स्वतः केलेला जिऱ्याचा पाव कापून आमच्यासमोर ठेवला. सिपोराताई बोलत होती, मी ऐकत होते. जोनाह, शेहेचाळीस वर्षांचा, टाय लावणारा माणूस, सोफ्याच्या कडेवर दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला होता. लहानपणी चौदा नंबरसारखं घसरायला जाऊन त्याने गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं होतं, हे सिपोराताईने गाडीतच सांगितलं होतं. शेवटी त्याने विचारलं ते एवढंच, की गुडघा बेस चोरण्यामुळे गेला का.

"नाही," आर्विड म्हणाला. "बॅटऱ्या उचलण्यामुळे."

मग तो आपणहून सांगू लागला. भावाभावांची ही अदलाबदल कोणाला कळू नये, म्हणून त्यांचा एक नियम होता. मॅचच्या दिवशी संध्याकाळी जो खेळला असेल त्याने दुसऱ्याला सगळं सांगायचं. कोण काय बोललं, कोणी कुठे फटका मारला, कोणाशी थट्टा झाली. पुढच्या शनिवारी समोरच्या टीममधल्या कोणी मागची आठवण काढली तर दुसऱ्याला उत्तर देता आलं पाहिजे. यूरिस फार बारकाईने सांगायचा. आर्विड म्हणाला, की आता त्यातलं किती स्वतः केलं आणि किती ऐकलेलं, हे त्याला सांगता येत नाही. भावाच्या अंत्यविधीला त्याने एका झेलाची गोष्ट सांगितली, आपण घेतलेला म्हणून. तेव्हा वहिनीने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की त्याला तेव्हापासून शंकाच आहे.

सिपोराताईने विचारलं, कुठला झेल. उतारावर चढून घेतलेला, तो म्हणाला, आणि समोर दोन सावळी पोरं बसली होती, शेजारी त्यांचा बाप झोपलेला.

मग सिपोराताईने मनगटाने चष्मा वर करायची ती खूण करून दाखवली. आर्विड बघत राहिला. तो म्हणाला, की हे यूरिसच. सकाळी एका हातात सुरी आणि एका हातात पाव असला तरी तो असंच करायचा. म्हणजे झेल त्याचा.

"मग मला डोळा कोणी मारला?" जोनाहने विचारलं.

"मी सगळ्यांनाच डोळा मारायचो," आर्विड म्हणाला. "तुम्ही दर शनिवारी तिथेच बसायचात. आम्ही तुम्हाला ओळखत होतो. यूरिस म्हणायचा, तो बाप खेळ बघायला येतो की झोपायला, हे एकदा जाऊन विचारलं पाहिजे."

जोनाह हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. वडील गेल्यावर तो रडला नव्हता, हे मला नंतर कळलं. तो उठून वॉशरूममध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही. आर्विडने त्याच्या बशीत पावाचा आणखी एक तुकडा ठेवला.

त्यानंतर जोनाह आणि आर्विडचं चांगलं जुळलं. महिन्यातून एका रविवारी जोनाह ओकव्हिलहून येतो, दोघं नाश्ता करतात आणि बेसबॉल सोडून बाकी सगळ्यावर बोलतात, असं सिपोराताई म्हणते. ऑगस्टमध्ये ज्युडांच्या आठवणीसाठी नवगावकरांनी घरी मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचं ते मोठं ताट बघून आर्विडने विचारलं होतं की ह्यात सुरुवात कुठून करायची.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या भेटीतलंच, निघतानाचं. आम्ही दारात बूट घालत होतो. सिपोराताईला सवय लागली होती. तिने आर्विडला विचारलं, की तुम्ही लहान असताना तुमचा हीरो कोण होता.

त्याला विचार करावा लागला नाही. म्हणाला, एक दूधवाला. ते नुकतेच ह्या देशात आले होते, इंग्रजी येत नव्हतं. गल्लीत घोडागाडीतून दूध यायचं. दूध वाटून झालं की दूधवाला गाडी मागच्या बोळात उभी करायचा आणि पोरांना चेंडू टाकायचा. ज्याला भाषा येत नाही त्याला तो आधी टाकायचा. इतका सुंदर चेंडू टाकणारा माणूस आर्विडने पुढे कुठल्याच मैदानावर पाहिला नाही. एका हिवाळ्यानंतर तो आला नाही, त्याच्या जागी दुसराच आला.

त्याचं नाव काय होतं, सिपोराताईने विचारलं.

ते आर्विडला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. घोडीचं नाव मात्र डचेस होतं, पांढरी घोडी, एक कान अर्धा तुटलेला, आणि चेंडू गाडीखाली गेला की ती पाय उचलायची.

सोमवारी लंच अवरमध्ये मी दुकानात डोकावले. खुर्चीत ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. सिपोराताईने त्यांच्या नाकावर पट्टी धरली होती आणि ती त्यांना विचारत होती, की लहानपणी तुमच्या गल्लीत दूध कोण आणायचं, आणि त्याच्या घोडीचा कान कसा होता ते आठवतंय का.